चौथ्या मेणबत्तीपर्यंत

सांता क्लारा,
८ डिसेंबर १९८५

प्रिय मार्थास,
तुझ्या भास्करचा प्रभूच्या नावाने सलाम.

आपल्या रूथच्या घरी सगळं ठीक आहे. थंडी बेताची, जेवण वेळेवर. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे नाताळाआधीच्या आगमनकाळात टेबलावर चार मेणबत्त्या मांडतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. मला काय ठाऊक? गेल्या रविवारी मी आपल्या नगरच्या नाताळासारख्या चारही एकदम पेटवल्या. नात दीपा म्हणाली, "आजोबा, वेट करायचं असतं." तिने तीन विझवल्या.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन २३ तारखेला ठरलं. दिसणारा हा एकच, म्हणून मी शाळेतल्या कविता पुन्हा पाठ करू लागलो होतो. पुढे वाचता आल्या नाहीत तर जवळ असाव्यात. आज दुसरी, शांतीची मेणबत्ती पेटली. प्रार्थनेत म्हणालो, प्रभू, पुढचं तू बघ. मन खरंच निवलं गं. कविता अजून म्हणतो, पण आता नुसत्या आवडीने.

चौथी बावीस तारखेला. त्या दिवशी दिवेलागणीला तूही एक लाव. तेव्हा इथे पहाट असते. मी उठेन तेव्हा आपल्या घरात उजेड झालेला असेल.

तुझाच,
भास्कर