डुकरांनी उकरलेला डोंगर

तळोदा, १० फेब्रुवारी १९१९

मोठे साहेब मार्चात डुकराच्या शिकारीला येणार, आणि जागा कोणी हेरायची? तर मी! मी डुक्कर पाहिले ते धुळ्याच्या उकिरड्यावर. मामलेदार म्हणाले, "जागा चांगली निघाली तर कायम नोकरीचा हुकूम मिळालाच समज." कचेरीत कारकुनी करत तीन वर्षे उमेदवारीत गेली. मुलीकडचे लोक याच एका कागदासाठी थांबले आहेत. तेव्हा जायलाच हवे.

वाटाड्या जालमसिंग. वरच्या पाड्यावरचा, पावरा जमातीचा, पन्नाशीचा. दिवसभरात चार शब्द बोलला असेल.

१२ फेब्रुवारी

सापडली! पाड्यामागच्या डोंगराचा सगळा उतार उकरलेला. त्रेसष्ट खड्डे मोजले, मग कंटाळलो. हे कोणी केले, विचारले. जालमसिंगने एकदा पाड्याकडे पाहिले. मग म्हणाला, "डुक्कर शे, भाऊसाहेब. रातले येस, खोदी जास."

दिवसभर बसलो, डुक्कर एकही दिसले नाही. खड्डे इतके, मग जातात कुठे?

१३ फेब्रुवारी

अहवाल दिला, नकाशासकट. मामलेदार खूश. डुकरे उठवायचा हाका २ मार्चला, पहाटेच.

१७ फेब्रुवारी

जिवंत परतलो, हेच नशीब.

हाकेकऱ्यांची वाट ठरवायला पुन्हा गेलो होतो. जवळची वाट म्हणून मी डोंगराऐवजी पलीकडच्या नाल्यात उतरलो. जालमसिंग मागून नको नको म्हणत होता. करवंदीची जाळी हलली. आधी पिल्ले, पट्ट्यापट्ट्यांची, मोजून सात. मला मौजच वाटली. मग त्यांची आई, आणि तिच्यामागून एक नर — सुळे बाहेर, मानेवरचे केस ताठ. जालमसिंगने बखोटीला धरून मला सालईच्या झाडावर अक्षरशः फेकले. धोतर फाटले, एक वहाण खालीच राहिली. नराने ती हुंगली आणि सोडून दिली. मग कळप आमच्याखालीच तासभर नाकाने जमीन नांगरत बसला.

वर बसून बघण्याखेरीज काही काम नव्हते, म्हणून बघितले.

१८ फेब्रुवारी

काही जुळत नाही. डुकराने उकरलेली जमीन म्हणजे लांब उथळ चर, माती पुढे ढकललेली, खुरांचा चिखल. डोंगरावरचे खड्डे गोल. कोपरभर खोल. खूर कुठेच नाही. ही डुकरे वेगळ्या जातीची? की मीच काही तरी भलतेच मोजून आलो? अहवाल तर गेला!

१९ फेब्रुवारी

एकटाच गेलो. डोंगरावर पाच-सहा बायका खणत होत्या. मला पाहून पळाल्या. एक मात्र बसून राहिली — फुलीबाई, जालमसिंगची बायको. कंद काढून टोपलीत टाकला. मग त्याच्या डोक्याचा तुकडा वेलासकट परत खड्ड्यात बसवला आणि माती तळहाताने दाबली. अगदी सावकाश, मी उभा असताना.

जालमसिंग धावत आला. "येल परत लावतस, भाऊसाहेब. पुढला साले कंद येस." मग खाली बघून, "औंदा दाणा पिकना नही. रखवालदारले कळनं तं बायास्ले धरी लई जाई."

राखीव जंगलात खणायला मनाई आहे हे मला ठाऊक आहे. मनाईच्या कागदाची नक्कल मीच केलेली आहे. मला फार लाज वाटली, कशाची ते नीट सांगता येत नाही.

त्याला बजावून सांगितले — २ तारखेला साहेब बंदुका घेऊन याच डोंगरावर येणार. तोवर एकही बाई इकडे फिरकता कामा नये. त्याने मान हलवली.

२२ फेब्रुवारी

तीन दिवस डोक्याचे भुसकट झाले. खरे लिहावे तर बायका तुरुंगात. न लिहावे तर साहेबांना डुक्कर नाही, मला हुकूम नाही. आणि एखादी चुकून डोंगरावर आलीच तर?

आज सुचले, आणि इतके सोपे की हसू आले. जागाच बदलायची! दुसरा अहवाल लिहिला: कळप आता पलीकडच्या नाल्यात उतरला आहे, मी समक्ष पाहिला. यात एक अक्षर खोटे नाही. मामलेदारांनी मंजूर केला, हाकेकरी तळोद्यातूनच नेणार. डोंगर सुटला, बायका सुटल्या, मीही सुटलो. जालमसिंगला कळवायचे मनात होते, पण आता साहेब डोंगरावर येतच नाहीत, मग दोन कोस तंगडतोड कशाला?

२३ फेब्रुवारी

पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

२ मार्च

तीन डुकरे मिळाली. फुलीबाईच्या पोटात गोळी लागली. मी डोंगर बंद केला म्हणून बायका आठवडाभर नाल्यात खणत होत्या. डुकरे तिथे कंदासाठीच येतात, हे मला ठाऊक नव्हते. दुपारी ती गेली. पंचनामा लिहायला मामलेदारांनी मलाच बसवले आहे.