तंतूच्या तोंडाला गंध

पुणे, दसऱ्यानंतरचा शुक्रवार, २००५
दुपारचे सव्वाचार

तीर्थस्वरूप शरच्चंद्रमामांना दत्तप्रसादचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर फोनवर बोलायचा धीर होत नाही. पाच वाजता आमच्या प्रमुख राजनंदिनीबाई दुर्गाबाईंना आत बोलावणार आहेत. दुर्गाबाई म्हणजे खडकवासल्याहून बसने येऊन एकोणीस वर्षं आमची प्रयोगशाळा झाडणाऱ्या. आज त्यांची नोकरी जाणार, अशी चिन्हं आहेत.

आमचा लेसर केसाएवढ्या काचेच्या तंतूतून निघतो. तंतूत लांबीभर शेकडो बारीक भोकं (वड्याचा झारा आठवा आणि तो मुंगीच्या मापाचा करा). भोकांत नुसती हवा, म्हणूनच प्रकाश शिस्तीत जातो. अशा लेसरने पुढेमागे मूतखडा फोडता येईल, पोलादी पत्रा कापता येईल, हवेतला विषारी वायू ओळखता येईल (माझा प्रबंध पुरा होईल, हा उपयोग अर्जात लिहिला नव्हता). सोमवारी तीन सर्जन बघायला येणार. तंतू परदेशातून सात महिन्यांनी आला, तोही दोन मीटर.

खंडेनवमीला दुर्गाबाईंनी दरवर्षीप्रमाणे सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, आम्ही पेढे खाल्ले (अमेरिकेत शिकलेल्या राजनंदिनीबाईंनी दोन). काल यंत्र चालू केलं, तर उजेडच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूचं तोंड लालभडक! ओलं गंध भोकांनी आत ओढून घेतलेलं. वीतभर तोडला तरी लालच. "देवापर्यंत पोचला असेल प्रकाश, आपल्यापर्यंत नाही," एवढंच बाई बोलल्या. दुर्गाबाई म्हणाल्या, "म्या यंत्राच्या पेटीला लावलं. काचेला हात न्हाई लावला." कोणी ऐकलं नाही. मीही खाली बघत राहिलो.

आपला आज्ञाधारक,
दत्तप्रसाद

ता. क. गंध मी लावलं. दुर्गाबाई पुढच्या यंत्राकडे वळल्यावर वाटलं, पेटीची पूजा झाली आणि उजेड निघतो ते तोंडच राहिलं. सोमवारची भीती होती हो मामा! बोट ओलं करून कुंकू टेकवलं, इतकंच.

आणखी ता. क. आत्ता दुर्गाबाई शेजारी येऊन बसल्या. "त्या दिशी तुमच्या बोटाला कुंकू बघितलं व्हतं म्या. गप बसा, तुमचं शिक्षण जाईल. मला काय, चार घरची धुणीभांडी हायेत." मला रडूच आलं. पाचाला दहा कमी आहेत. त्यांच्याआधी मी आत जातोय.

शेवटचं ता. क. तुमच्या शाळेत विज्ञानाच्या मास्तरची जागा अजून रिकामी आहे का? उलटटपाली कळवा. शाळेला प्रयोगशाळा नसेल तर फारच बरं.