दादाचा हात, मशीनचा ताल

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन: रोज व्यायाम, रोज रियाज, वहिनीशी वाद नाही. व्यायाम उद्यापासून, बूट ओले आहेत.
ऑर्केस्ट्रासाठी ड्रम मशीन घेतलं. गायिकाबाई ऐकून म्हणाल्या, ठोके बरोबर आहेत, पण कोणीतरी दार ठोठावतंय असं वाटतं. अपमान गिळला. कलावंताला गिळावा लागतो.

५ फेब्रुवारी
उपाय सापडला. मशीनच्या ठोक्यांवर माणसाच्या हाताचे तुकडे पेरायचे. दादाकडून बोंगो आणि शेकर नावाच्या खुळखुळ्याचे छोटे तुकडे वाजवून घ्यायचे, ते लूप होऊन फिरत राहणार. शिवाय मशीनच्या टेम्पोला, म्हणजे लयीला, बांधलेले. मी बटण मिनिटाला ९६ ठोक्यांवरून १२० वर नेलं की दादाचा हातही पळणार, आवाज जराही न बदलता. सख्खा मोठा भाऊ एकवीस वर्षं आमच्याकडे बोंगो वाजवतोय, पण इतका आज्ञाधारक कधीच नव्हता.

८ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग. दादा अर्धा तास उशिरा आला. डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या म्हणे. तिसऱ्या टेकला तोच हात मागे पडला. मी फक्त सुस्कारा सोडला. तो जरा मोठा निघाला.
मागे पडलेले ठोके मशीनने ओढून जागेवर बसवले. दादा ऐकून म्हणाला, इतकं चांगलं मी कधीच वाजवलं नाही. कौतुक समजून घेतलं.

१२ फेब्रुवारी, सकाळी ९
वहिनी आली. काल दादाच्या हातून कप पडला, दहा मिनिटं तोंडातून शब्द नीट फुटेना, मग सगळं पूर्ववत. डॉक्टरांनी तातडीने तपासण्या करायला सांगितल्यात. सगळ्यात लवकरची तारीख मिळाली २३. नेमका आमचा कार्यक्रम!
मी शांतपणे समजावलं. तपासण्या काय पळून जातात? आणि दहा मिनिटांत बरं होतं ते दुखणं कसलं? वहिनी चप्पल घालून निघाली. वाद झाला नाही. एक संकल्प तरी पाळला.

१६ फेब्रुवारी
दादाने तपासणी २६ ला ढकलली. म्हणाला, एकवीस वर्षांत एक कार्यक्रम चुकवला नाही, आता काय चुकवायचा. शहाणा माणूस. मी फक्त दोनदा फोन केला होता. फार तर चारदा.
वहिनी माझा फोन उचलत नाही. नेटवर्क.

१९ फेब्रुवारी
तालीम. दादा पुन्हा मागे. निर्णय घेतला: लूपचा आवाज वर, दादाचा माईक खाली. त्याला सांगितलं नाही. उगाच मन कशाला दुखवा? बाई म्हणाल्या, आज दादा झकास वाजले. मी मान डोलावली.
मग बाईंनीच विचारलं, दादांचा चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा का दिसतो. म्हटलं, एकाग्रता.
 

२३ फेब्रुवारी, दुपारी १
साउंड चेक साडेबाराला आटोपला. दादा म्हणाला, आता परत उठायला नको, इथेच बसतो. बसू दे.
शेवटी वहिनीचा फोन आला. तिची ड्युटी आहे, येता येणार नाही. म्हणाली, दर गाण्याला एकदा त्याच्याकडे मागे वळून बघ, एवढंच कर. हो म्हटलं. पण मी मशीन सांभाळू की मागे बघू? ताल चालू आहे म्हणजे दादा ठीक आहे. कान हेच माझे डोळे.

मध्यंतर, ४.४०
कमाल! मध्यंतराआधीचं शेवटचं गाणं १३२ वर नेलं, दादा केसभर हलला नाही. त्याचा माईक पूर्ण बंदच ठेवलाय, लूपमध्ये चुकून गडबड नको. चहा पाठवला होता. तो मान खाली घालून बसलाय, काही बोलला नाही म्हणे. ताकद राखतोय. दिवे मुद्दाम माझ्यावर आहेत, मागचं नीट दिसत नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी ८, हॉस्पिटल
पडदा पडल्यावर सगळे उठले. दादा उठला नाही. डावा हात बोंगोवरून खाली लोंबत होता. मशीन बंद करायचं राहिलं होतं, त्यामुळे ताल चालूच होता.
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि सुरुवात माहीत असावी लागते. त्याला धडधाकट शेवटचं कोणी पाहिलं? साडेबाराला, मी. आम्ही इथे पोचलो सातला. इंजेक्शन दिलं नाही.
मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे, ऐकून सांगतो. बाकावर बसून कार्यक्रम पहिल्यापासून ऐकला. दादाचा हात पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत झकास पळतोय. खऱ्या हाताचं काहीच नाही, तो माईक मी बंद केला होता.
दादा डोळे उघडतो, बोलत नाही.
वहिनीने विचारलं, कुठल्या गाण्याला थांबला रे तो?
माहीत नाही, म्हणालो.