सिद्धीचं पोट

४ ऑगस्ट, सोमवार

आज सात वेळा. सात! बाविसावा दिवस. सिद्धी चौदा महिन्यांची, आणि तिचे लंगोट धुऊन माझ्या बोटांची सालं निघाली. शी फिकट, तेलकट. वास असा की शेजारच्या नागम्मा दारातूनच परत फिरल्या. ताप नाही, रक्त नाही. पोट मात्र टम्म, आणि दंड काडीसारखे.

सासूबाईंचं एकच — "दात यायलेत की गं. समद्या लेकरांस्नी हुतंय."

बावीस दिवस दात?

७ ऑगस्ट

गल्लीतल्या डॉक्टरांनी तिसरी बाटली लिहून दिली. पोटाला हात न लावता! मी विचारलं, शी तपासून घेऊ का? हसले. "ताई, लहान लेकराचं पोट हाय. चालायचंच."

चालायचंच! स्वतःच्या नातीचं चालू द्या की असं.

८ ऑगस्ट

अंगणवाडीत वजन केलं. गेल्या महिन्यात आठ किलो चारशे. आज सात किलो तीनशे.

९ ऑगस्ट, शनिवार



शाळा सुटल्यावर घरी आले, तर सासूबाई चुलीपाशी बिब्बा तापवत बसलेल्या! सिद्धी मांडीवर उघडी. बेंबीभोवती चटके द्यायचे म्हणे, जुलाब थांबतात. मी लेकरू हिसकावून घेतलं. ओरडले — "अत्ती, माझ्या पोरीला हात लावायचा न्हाय! अडाणीपणा बास!"

त्या बिब्बा हातात धरून तशाच बसून राहिल्या.

शिवयोगी दुकानातून आले, तर मलाच — "आईशी असं बोलतात व्हय?" मी म्हणाले, अंगणातल्या हौदाची भेग दोन वर्षं दिसत नाही तुम्हाला, माझा आवाज बरा लगेच ऐकू आला! तेच पाणी पितोय आपण. पलीकडून गटार जातंय.

रात्री सासूबाई जेवल्या नाहीत, तेही नाहीत. नका जेवू.

११ ऑगस्ट, सोमवार

शाळेत रजा टाकली आणि सिद्धीला घेऊन एकटीच एसटीने सोलापूर गाठलं. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई. माझ्याहून लहान असतील. पहिलाच प्रश्न — "पाणी कुठलं पिता?"

महिनाभरात हे कुणी विचारलं नव्हतं. कुणीच! मी तिथेच रडले. रागाने.

शी तीन वेगवेगळ्या दिवशी तपासायची. एकदा पाहून हा जंतू सापडतोच असं नाही, म्हणाल्या.

१६ ऑगस्ट

सापडला. जिआर्डिया. डोळ्याला न दिसणारा परजीवी. घाण पाण्यातून पोटात जातो, आतड्याला चिकटून बसतो, खाल्लेलं अंगी लागू देत नाही. आधीच्या तीन बाटल्यांतलं एकही औषध यावरचं नव्हतं. पाणी चांगलं उकळूनच प्या, नुसत्या क्लोरीनवर विसंबू नका, म्हणाल्या. घरातल्या सगळ्यांची शी तपासायची.

मी विचारलं, औषध नवीन आहे का? "छे हो, पन्नासएक वर्षं वापरात आहे. कुठेही मिळतं."

पन्नास वर्षं! आणि माझी पोर महिनाभर वाळत होती!

१७ ऑगस्ट, रविवार

शिवयोगींनी हौद उपसला. भेगेतून गटाराचं काळं पाणी आत झिरपत होतं. बारीक धार. मी म्हणाले, "बघा!" ते खाली मान घालून तिथेच बसले. मला दया आली नाही.

२० ऑगस्ट

काल दोनदा. आज एकदा, घट्ट! माझ्या ताटातली भाकरी ओढून खाल्ली.

सासूबाईंशी अजून बोलत नाही. बोलणारही नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी सिद्धीला औषध पाजत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. बाटलीकडे बघत विचारलं, "हे औषध... तवा बी हुतं व्हय गं?"

तवा म्हणजे कधी?

"शिवयोगीच्या आदी. दोन पोरी झाल्या हुत्या मला. दोगी बी अश्याच गेल्या. धाकटी बसाया लागली हुती."

सहा वर्षं या घरात आहे मी. हे कुणी सांगितलं नव्हतं मला. शिवयोगी चाळिशीला आले. मनातल्या मनात वर्षं मोजली, पन्नासही भरत नव्हती.

"नव्हतं, अत्ती," मी म्हणाले. "आत्ता आत्ता आलंय."