दोराचं दुसरं टोक

गोलो नेरे,
मंगळवार, ६ ऑगस्ट

प्रिय कनिसियुस भाऊजी,

गोलो नेरेहून एमिल्यानाचा नमस्कार. तुम्ही आणि जाऊबाई खुशाल असाल. इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी, डुकरीण, तिची सहा पिल्लं आणि माझी दुखरी दाढ, देवाच्या दयेनं बरे आहोत.

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर शाळेच्या टेकडीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, आणि तिथं चढलं की अर्धं गाव कान टवकारून मागं उभं असतं. शिवाय तुम्ही पलीकडून नुसतं ‘हॅलो’ म्हणालात तरी माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. बावीस वर्षं झाली तुमचा आवाज ऐकून.

आधी आभार मानते, नाहीतर ते राहूनच जायचे. ओदीचा निकाल कळला. नर्स झाली पोर! पांढऱ्या गणवेशातला फोटो तिनं पाठवलाय, एका बाजूला तुम्ही, एका बाजूला जाऊबाई. शेजारच्या तेक्लाच्या सुनेच्या मोबाइलवर मी तो इतक्या वेळा बघितला की शेवटी ती म्हणाली, “मावशी, बॅटरी संपतेय, आता उद्या बघा.” भाऊजी, तुमचे केस किती पांढरे झालेत हो. हे असते तर अगदी असेच दिसले असते.

चार वर्षांपूर्वी ओदीला मकासरच्या बोटीत बसवली तेव्हा त्या शहरात माझ्या ओळखीचा एकच पत्ता होता, तुमचा. तो मी तिला दिला नव्हता. कोणत्या तोंडानं देणार? तरी बंदरावर तुम्ही उभे. कुणी कळवलं तुम्हाला, मला अजून माहीत नाही. “रोफिनुसची पोर ना तू? चल, भात थंड होतोय,” एवढंच म्हणालात म्हणे. त्यानंतर चार वर्षं तिला पोटच्या लेकीसारखी वाढवलीत. तिच्या तापात जाऊबाई उशाशी बसून राहिल्या. आणि तिच्यासमोर तिच्या बापाबद्दल एक वाकडा शब्द काढला नाहीत. उलट म्हणालात, “तुझ्या बाबासारखं रान वाटणारा मी दुसरा पाहिला नाही.” हे ओदीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं.

ह्यांच्या मातीला तुम्ही आला नाहीत, पण अंगावर घालायला काळं, हातमागाचं वस्त्र पाठवलंत. तेच आम्ही घातलं. त्याचेही आभार दोन वर्षांत मानले नव्हते. आता मानते.

गावच्या बातम्या म्हणाल तर कॉफी यंदा बरी आली. रस्ता चर्चपर्यंत सिमेंटचा झाला, त्यापुढं पूर्वीसारखंच, ट्रक अडकला की उतरा आणि ढकला. गावाची बैठक भरते त्या नगाऱ्याच्या घराचे वडीलधारे जेलाहू काका अजून धडधाकट आहेत. ऐकायला येत नाही असं सांगतात, पण नको ते सगळं बरोबर ऐकतात. आणि खरी बातमी ही की दोन सप्टेंबरला सरकारी मोजणीवाले येताहेत. आपल्या गोल रानातल्या सगळ्या वाटण्यांचे कागद होणार. आज जिथं खुंटी आहे, तिथंच हद्द कायमची लागणार. त्याआधी येत्या रविवारी नगाऱ्याच्या घरात बैठक आहे, ज्याला हरकत घ्यायची असेल त्यानं तिथं घ्यायची.

तुमची वाटणी रिकामीच आहे. हे दरवर्षी त्यातलं तण काढायचे, पेरायचे मात्र नाहीत. “कानीचं आहे,” म्हणायचे. आता मी काढते.

बाकी विशेष काही नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

विशेष नाही असं लिहून परवा कागद घडी करून ठेवला, आणि दोन दिवस त्या घडीकडं बघत बसले. ट्रकवाला विचारून गेला, “द्यायचंय का काही मकासरला?” मी म्हटलं, दाढ दुखतेय, पुढच्या फेरीला. दाढेचा काय संबंध? त्यालाही कळलं नसेल.

भाऊजी, हे पत्र वाचून झालं की ओदीला द्या. म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही थोडं लिहिते. ती रानात कमी आणि शाळेत जास्त वाढली.

आपलं रान कोळ्याच्या जाळ्यासारखं गोल. मधोमध खांब. वाटणी करणारा त्या खांबाशी बसतो आणि आपलं बोट आडवं ठेवतो, एका घराला एक बोट. त्या खुणेपासून रानाच्या कडेपर्यंत दोर ताणायचा आणि कडेला खुंटी ठोकायची. खांबापाशी बोटभर असलेली जागा कडेला जाईपर्यंत चांगली ऐसपैस होते. म्हणून बोट केसभर सरकलं तर कडेला माणसाचं नुकसान होतं, आणि म्हणून गाव एकाच माणसाच्या बोटावर विश्वास ठेवतं. ओदी, तो माणूस तुझा बाप होता. त्याच्या आधी त्याचा बाप.

भाऊजी, बावीस वर्षांपूर्वी तुमची आणि आमची वाटणी शेजारी आली. पेरणीच्या आधी तुम्ही पावलं टाकून कड मोजलीत. मग नगाऱ्याच्या घरात, सगळ्यांसमोर, उभ्यानं ओरडलात, “पाची बोटं सारखी नसतात हे ऐकून होतो. सख्ख्या भावासाठी कोणतं बोट ठेवलंस दादा? करंगळी?”

माणसं हसली. कुणाला हसू आलं ते मला अजून आठवतं. हे काय म्हणाले? मान खाली घालून म्हणाले, “असेल. बोट माझंच होतं.” त्याच दिवशी वाटणी करायचा मान सोडला. महिन्याभरात तुम्ही बोटीत बसलात. मग हे असेपर्यंत वीस वर्षं गावानं ह्यांना चारचौघांत काही म्हटलं नाही, पण नवं रान फोडलं की म्हणायचे, “रोफिनुस दादा, तुम्ही आपले सावलीत बसा.”

बोट सरळ होतं, भाऊजी. दोर वाकडा होता. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

लिहिलं एकदाचं.

ओदी पोटात होती, सातवा महिना. तिच्याआधीची दोन दरीतून पाणी चढवतानाच गेली, तुम्हाला ठाऊक आहे, दोन्ही वेळा तुम्हीच मला पाठीवर घेऊन वर आणलंत. त्या दिवशी मी रानाच्या कडेला सावलीत बसले होते. धुकं असं की खांब दिसेना, नुसता ह्यांचा आवाज यायचा, “ताणा!” दोर धरणारा पान खायला गेला आणि जाताना म्हणाला, “वहिनी, जरा धरा हो एवढं.” दोर जिथं पडत होता तिथून तीन पावलांवर तो झरा, तुमच्या बाजूला. मी झऱ्याकडं बघितलं. पोटावर हात ठेवला. आणि तीन पावलं सरकले. तिथं जळका बुंधा होता, त्याच्यामागून दोर घेतला. खुंटीवाल्यानं धुक्यातच खुंटी ठोकली. संपलं. खुंटी ठोकेपर्यंत दोन श्वास सुद्धा झाले नसतील.

लोक रात्री-बेरात्री बांध कोरतात, मी भरदिवसा नवऱ्याच्या दोरानं कोरला.

मला वाटलं होतं, तीन पावलं कुणाला कळतात? पोर झाली की सांगेन, हसण्यावारी नेऊ. मग तुम्ही ओरडलात, हे मान खाली घालून उभे राहिले, आणि माझी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. झाकली मूठ! त्या झऱ्याचं पाणी पिऊन ओदी वाढली. चहा करताना, भात लावताना, तिला न्हाऊ घालताना, प्रत्येक वेळी तुमचं नाव मनात यायचं. आणि तुम्ही त्याच पोरीला बंदरावरून घरी नेलीत.

अजून एक आहे. ते सगळ्यांत जड आहे.

हे जायच्या चार दिवस आधी, सकाळी मी पेज भरवत होते. म्हणाले, “एमी, त्या दिवशी दोर हाताला तिरका लागला होता.”

मी म्हटलं, “कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“तेव्हापासून. इतकी वर्षं दोर धरला, ओढ कुठून आहे ते हाताला कळतं.”

“मग बोलला का नाही?”

“तुला गावासमोर उभं केलं असतं त्यांनी. सातवा महिना होता.”

“आणि भाऊ?”

त्यावर भिंतीकडं वळले. म्हणाले, “कानी येईल परत, असं वाटलं होतं गं.”

भाऊजी, बायकोला वाचवताना त्यांनी भाऊ घालवला. चुकलेच ते. पण आयुष्यभर एकदाही मला टोमणा मारला नाही, झऱ्याचं पाणी भरून स्वतः आणून द्यायचे. असा नवरा देवानं मला का दिला, मला कळत नाही. मी त्या लायकीची नव्हते.

आता रविवारी मी बोलणार आहे. कागद झाल्यावर बोलून उपयोग नाही. पण तुम्हाला आधी कळायला हवं म्हणून हे लिहिलं, आणि मेला ट्रक तर निघून गेलाय.

बुधवार, १४ ऑगस्ट

झालं.

आपल्यात बाई नगाऱ्याच्या घरात आधी तोंड उघडत नाही. मी पांढरा कोंबडा काखेत घेऊन उभी राहिले. जेलाहू काका म्हणाले, “एमिल्याना, कोंबडा कशाला? लग्न ठरवायला आलीस का?” सगळे हसले. मी म्हटलं, “माफी मागायला आलेय काका.” मग हसू थांबलं.

सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, बुंधासुद्धा नाही. कोंबडाच माझ्यापेक्षा शांत होता.

तेक्ला गप्प बसेल होय! “बावीस वर्षं पाणी ढोसलं. आता पोर नर्स झाली, नळ घेईल, तेव्हा पाप आठवलं!”

जेलाहू काका म्हणाले, “तेक्ला, तुझं कुंपण दरसाल किती पुढं चालतं ते मला ठाऊक आहे. तू बस.” ती बसली. पण तिचं चुकलं नव्हतं. हे मी आधीच करायला हवं होतं, ह्यांच्या डोळ्यांदेखत.

दंड म्हणून मी डुकरीण द्यायचं ठरलं. न्या म्हटलं, पिल्लंही न्या. पिल्लं नकोत म्हणाले.

मग सगळे रानात गेलो. ऊन स्वच्छ होतं. आताचा वाटणीवाला, विन्सेन, खांबाशी बसला. ह्यांच्या जुन्या खुणा खांबाभोवतीच्या लाकडी चौकटीवर अजून आहेत, त्यावर त्यानं एकेक करून बोट ठेवून बघितलं. सगळ्या सारख्या. तुमची, आमची, तेक्लाची, चर्चची. मग दोर ताणला. कडेला माझ्या खुंटीपासून साडेतीन पावलं आमच्या बाजूला पडला. मी तीनच समजत होते. झरा तुमच्याकडं गेला.

जेलाहू काकांनी खांबावर हात ठेवला आणि पूर्वजांना हाक मारतात तशी मोठ्यानं हाक मारली, “रोफिनुस! ऐकतोस ना? तुझं बोट सरळ होतं!”

पुरुषांनी टोप्या काढल्या. बावीस वर्षांपूर्वी हसलेले त्यात तिघं होते, तेही रडत होते. मी तर काय, भोकाडच पसरलं. एवढं मी त्यांच्या मातीलाही रडले नव्हते.

नवी खुंटी ठोकली आहे. तुम्ही आलात न आलात, मोजणीवाले तीच धरतील आणि कागद तुमच्याच नावानं होईल. जेलाहू काका म्हणाले, कनिसियुसला सांग, या घरातून त्याला हसून घालवला, त्याची माफी गावानंही मागायची आहे, त्यासाठी एक डुक्कर राखून ठेवलंय. ते माझंच डुक्कर आहे, पण असो.

सोमवारपासून मी पाणी दरीतून आणते. लोक म्हणतात, “वेडी का तू? कनिसियुस मकासरला, त्याला काय कळतंय? भर की इथलं.” त्याला कळत नव्हतं म्हणूनच तर बावीस वर्षं भरलं. तुमचा होकार आल्याशिवाय त्या झऱ्याला हात लावणार नाही. दया म्हणून होकार देऊ नका. राग असेल तर राग लिहा, शिव्या लिहा, मी वाचेन. नकार आला तरी माझ्या पोरीला तुम्ही गरम भात वाढलात हे मरेपर्यंत विसरणार नाही.

ओदी, तू रडू नकोस, आणि काकांच्या पाया पड.

ट्रक आलाय, हॉर्न वाजवतोय.

जिनं तुमचा बांध कोरला आणि जिची लेक तुम्ही सांभाळलीत, ती

एमिल्याना