फुकटच्या पानावर आपलं कॉलेज नाही

अंबाजोगाई, मंगळवार, १२ जून २००१

इंटरनेट कंपनीच्या माणसाने माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात इंटरनेट फुकट जोडून दिलं तेव्हाच शंका आली होती. अट एकच, आधी त्यांचं पान उघडणार आणि शोधायचं ते त्यावरच. ते पान बदलायचं नाही. कावून? कारण सांगितलं नाही.

आज नांदूरघाटचे बप्पा आले. लेकीला कॉम्प्युटरच्या बी.एस्सी.ला घालायचंय. त्या पानावर शोधलं तर पुण्याचं एकच खासगी कॉलेज निघालं. मी म्हणालो, "बप्पा, इथल्या कॉलेजात आहे की हा कोर्स! तिथली पोरं रोज माझ्याकडे बसतात."

"तुमचं तोंडी हाय, मास्तर. हितं तर लिवलंय. पुण्याला धाडायचं आपल्याला झेपत न्हाई. ऱ्हाऊ द्या तिचं शिक्षण."

माझ्यापेक्षा ते पान खरं! कुणी न शिकवता ही मशिनं शिकलो मी. अट गेली खड्ड्यात. पान काढून टाकलं, मोकळ्या इंटरनेटवर शोधलं. इथल्या कॉलेजची माहिती पहिल्याच ओळीत आली. उद्या जोडणी तोडतील. तोडू देत.

बप्पांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग आदी कावून लपवलं तुमी?"

कंपनीचा माणूस त्यांनी पाहिलेलाच नाही. दुकानावर पाटी माझी आहे.