ओट्याची उंची

५ जून, गुरुवार
साप्ताहिक सुट्टी. सकाळी ठराव केला. दसऱ्याला जागेचा इसार, पुढच्या दसऱ्याला गृहप्रवेश.
नियोजित समतल सहकारी गृहनिर्माण संस्था, चिखली. नाव मी दिले. मुख्य प्रवर्तकही मीच. पंधरा सभासद, सगळे चाकणला आमच्या कंपनीतले, सगळे भाड्याने राहणारे. बिल्डर नाही, दलाल नाही. जागा आपण घ्यायची, बांधायचेही आपणच, तरच कामगाराला परवडते. चिखलीचे जुने शेतकरी आबाजी जागा द्यायला तयार आहेत, तीही बाजारभावाच्या खाली. त्यांच्या भावाला एका बिल्डरने बुडवल्यापासून ते बिल्डरला ओसरीवर बसू देत नाहीत. मात्र म्हणाले, दसऱ्यापतुर थांबतो, पुढं न्हाई.
सहकाराचा कायदा मला कोणी शिकवलेला नाही. स्वतः वाचला. ड्रॉइंग यूट्यूबवरून. क्वालिटीत माझ्या हाताखालून आजवर एक चुकीचा पार्ट गेलेला नाही. घर हा मोठा पार्टच.

१९ जून, गुरुवार
पहिली सभा, आमच्या घरी. प्लॅन मांडला. बाजारात सगळे ओटे एकाच उंचीचे. कोणाच्या उंचीचे, हे कोणी सांगत नाही. म्हणून बायकांच्या पाठी जातात. मी जाहीर केले की आपल्याकडे प्रत्येक घराचा ओटा त्या घरच्या बाईच्या कोपराच्या मापाने. टाळ्या झाल्या नाहीत, पण लोक विचारात पडले.
संघर्ष आमच्याच लाइनवर आहे, मी त्याला सचिव केले. तो म्हणाला, राव, आधी जागा घेऊ, मग कोपर मोजू. ड्रॉइंग फायनल झाल्याशिवाय मी सही करत नाही, हे त्याला समजावले. लहान आहे.

३ जुलै, गुरुवार
मापे सुरू. परक्या बायकांचे कोपर मी मोजणे बरे दिसत नाही, म्हणून बायकोला, जयमालाला, बरोबर घेतो. ती टेप धरते, मी दारात उभा राहून आकडा लिहितो.
संघर्षच्या आई कस्तुराबाई म्हणाल्या, भाऊ, जन्म दुसऱ्याच्या ओट्यावर गेला, उंचीचं राहू द्या, घराचं बघा. भावना पोचली. माप घेतले. नंतर लक्षात आले की बाईंच्या पायात चप्पल होती. परत घ्यावे लागणार.

१७ जुलै, गुरुवार
जयमालाला एकटीलाच पाठवतो, माझा वेळ वाचतो. एका कोपराला अख्खी दुपार का लागते विचारले. म्हणाली, बायका बोलतात. आज टेप घरीच विसरून गेली होती, तरी चार मापे घेऊन आली. कशी, ते विचारायचे राहिले.

१४ ऑगस्ट, गुरुवार
सभेला दोघे आले. बाकीच्यांना म्हणे ओव्हरटाइम. मला कोणी बोलावले नाही, क्वालिटीचे काम नसावे. ग्रुपवर ओट्याच्या दगडाविषयी सविस्तर लिहिले. एकाचाही आक्षेप नाही. मंडळींना शिस्त लागते आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार
जिन्याची पायरी मनासारखी येईना. माझ्याच ड्रॉइंगला मी लाल टॅग लावला, म्हणजे नापास केले. हे धाडस फार थोड्यांत असते.
संध्याकाळी संघर्ष आला. एक बिल्डर आबाजींकडे खेपा घालतोय, त्यांचा धाकटा मुलगा त्याच्या बाजूने आहे, दसऱ्याला तो बिल्डर इसाराचे पैसे घेऊन हजर होणार, असे म्हणाला. मी हसलो. रविवारपासून पितृपंधरवडा. आळंदीपासून देहूरोडपर्यंत या दिवसांत जमिनीचा व्यवहार कोणी करत नाही, बिल्डर तर नाहीच. म्हणजे आपल्याला पंधरवडा मोकळा. जिना त्यात संपवतो.
संघर्ष चहा अर्धा टाकून गेला. जयमालाने मात्र विचारले, बिल्डर खरंच फिरकत नाही का हो या दिवसांत? या विषयात तिने प्रथमच रस घेतला. सविस्तर सांगितले.

१८ सप्टेंबर, गुरुवार
जिना झाला. जयमाला नवी साडी नेसून कस्तुराबाईंकडे गेली. पितृपक्षात नवी साडी नेसत नाहीत, हे निदर्शनास आणले. म्हणाली, जुनीच आहे, तुमचं लक्ष नसतं. असेल.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी ड्रॉइंगची गुंडाळी, पेढे आणि सोने घेऊन आबाजींकडे. ते ट्रॅक्टरला हार घालत होते. सोने घेतले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, आता कशाला तरास घेतला, इसार झाला की पंधरवड्यातच.
मला वाटले, बिल्डर आला. ओसरीची पायरी धरून बसलो.
आबाजी म्हणाले, बिल्डर कुटला, तुमचीच मानसं. बायाच आल्या व्हत्या सगळ्या, म्होरं तुमची मालकीण. मी म्हनलं पितरं चालू हायती. तर त्या कस्तुराबाई म्हनल्या, आमच्यात न्हाई काय तसलं, आन् तुमच्या पितरांस्नी गरिबाचं घर बगून वाईट कशाला वाटंल? लई हसलो बगा. नारळ घेतला. पोरगं बसलंय रुसून.
एवढे बोलून माझेच पेढे मला दिले.

तोच दिवस, संध्याकाळ
चौकशी पूर्ण. संस्था वेगळी, नाव 'सावली'. सभासद सगळ्या बायका. बाईच्या नावावर स्टँप ड्युटीत सवलत मिळते, हे मीच सभेत वाचून दाखवले होते. बायकांचा ग्रुप जुलैपासून चालू. कोपरांच्या निमित्ताने घरोघर कोणी फिरवले? मी. मुख्य प्रवर्तक: सौ. जयमाला.
मला का सांगितले नाही, असे विचारले. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही तपासलं असतं.
एकोणीस वर्षांचा संसार.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
कँटीनमध्ये संघर्षला गाठले. दगाबाज म्हणालो. तो म्हणाला, राव, जागा हातची जात होती, तुम्ही पायरी घासत बसला होता. मग माझे ताट उचलून ठेवायला गेला. उचलू दिले नाही.
ठराव: त्या इमारतीत पाऊल ठेवणार नाही. भाड्याच्या खोलीत एकटा राहीन. स्वयंपाक शिकेन. यूट्यूबवर आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
पोळी. व्यास बरोबर आला, चावत नाही.
'सावली'चे ड्रॉइंग एका आर्किटेक्ट मुलीने केले. जयमाला ते टेबलावर ठेवून गेली. ओटे सगळे एकाच उंचीचे. चुकांभोवती पेन्सिलने गोल केले. कोणाला दाखवणार नाही. दुपारी जयमालाने त्यांचा फोटो काढून आर्किटेक्टला पाठवला. मी पाहिले नाही असे दाखवले. त्यातल्या दोन चुका त्या मुलीला पटल्या म्हणे. फक्त दोन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बँकेत जावे लागले. कर्जाला पगाराची स्लिप लागते, जयमालाकडे ती नाही. आधीच सांगितले की हे फक्त सहीपुरते, ठराव कायम आहे. ती बरं म्हणाली.
साहेब सभ्य गृहस्थ. जयमालाशी अर्धा तास बोलले. मग माझ्याकडे वळून विचारले, या प्रकल्पात आपण कोण? संस्थापक म्हणायला तोंड उघडले, तेवढ्यात जयमाला म्हणाली, ते सहकर्जदार आहेत.
अर्ज वाचला. तसेच छापले होते. चूक सापडली नाही.
सही केली.